रिकामी सोडलेली दोरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, पौर्णिमेला विहारात माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसांनाही नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. यात शूरपणा काही नाही, हे मला कळतं. पण कुठून तरी सुरुवात व्हायला हवी.

सरळ मुद्द्यावर येता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आधी धनुष्याबद्दल सांगावं लागेल — लाकडाचं धनुष्य कशानं मोडतं, ते. त्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला किरकोळ वाटेल. दोरी ओढली, सोडली. एवढंच ना? हो, एवढंच.

मी धरमकाट्यावर काम करतो. रस्त्यालगत ट्रक तोलायचा मोठा काटा असतो, तो. धानाचे ट्रक, बांबूचे, कधी कोरपन्याकडून आलेले सिमेंटचे. आधी रिकामी गाडी, मग भरलेली गाडी, मधला फरक म्हणजे माल. माझे वडील लाकूड डेपोत ओंडक्यांची मापं घेत. घरात मोजण्याचीच भाषा होती. एखादी गोष्ट मोजली नाही तर ती मला नीटशी खरीच वाटत नाही.

पैकू माझा शाळेपासूनचा मित्र. गोंड. आमच्या गावाला लागूनच त्यांचा टोला, म्हणजे वस्ती, आहे. त्याचे आजोबा शिकारीची धनुष्यं करत. आता शिकार नाही. कायद्यानं बंद आहे आणि बंदच असावी असं पैकूलाही वाटतं. पण धनुष्यं राहिली. गावोगावी नेमबाजीचे सामने होतात, तालुक्याला होतात, आणि चांगलं धनुष्य करणाऱ्याचं नाव चार गावांत घेतलं जातं. पैकू धामणाच्या लाकडाची करतो. धामण लवचीक — आमच्याकडे कावड आणि कुऱ्हाडीचे दांडेही त्याचेच. दोरी बांबूच्या सालीची.

एकदा भर सामन्यात पैकूचं धनुष्य मोडलं. आम्ही दोघं तरुण होतो. त्यानं चिडून तुकडे फेकले आणि मी ते उचलून घरी आणले. का मोडलं, हे मला पाहायचं होतं. तिथून आमचा नाद सुरू झाला. कुणाचंही धनुष्य मोडलं की तुकडे आमच्याकडे यायचे. मांडवाच्या आढ्याला मी ते टांगून ठेवायचो. पैकू म्हणायचा, "लोकं मांडवाले तोरन बांधते, यानं मडे टांगले."

ते मडे, म्हणजे ती मेलेली धनुष्यं, वाचता वाचता आम्ही शिकलो.

धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. निशाणाकडची ती पाठ, आपल्याकडचं ते पोट. ओढलं की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. बहुतेक धनुष्यं पाठीवर फाटतात. तासताना करणारा लाकडाची नैसर्गिक रेषा सोडून आत शिरतो, रेषा कापली जाते, आणि कापलेली रेषा ताण धरत नाही. म्हणून पाठीला शक्यतो हत्यार लावायचंच नाही; साल काढायची, रेषा जशी वळेल तसं आपण वळायचं, गाठ आली तर तिच्याभोवती लाकूड जास्त ठेवायचं. दुसरं कारण घाई. ओलं लाकूड लवकर वाळावं म्हणून लोक चुलीवर टांगतात. वरून वाळतं, आत ओल राहते, पहिल्याच उन्हाळ्यात चिरतं. सावलीत, टोकांना शेण किंवा मेण लावून, सावकाश वाळवायचं. तिसरं — मुठीच्या वरची आणि खालची, या दोन बाजूंतली एक कडक, एक मऊ. मग मऊ बाजूच सगळं वाकणं सोसते आणि एक दिवस तिथूनच जाते. चौथं म्हणजे आळस. सामना संपला तरी दोरी चढवलेलीच ठेवायची, भिंतीला उभं करून. धनुष्याला झोप लागते, पैकू म्हणतो. वाकलेलं वाकलेलंच राहतं. आणि उन्हाळ्यात मोहाच्या बियांचं तेल न लावणं. आमच्या उन्हात लाकूड कोरडं पडून पापडासारखं होतं.

यातलं अर्धं पैकूच्या घरात आधीपासून ठाऊक होतं. अर्धं आम्ही मिळून काढलं. माझी भर काट्याची — एक हाताएवढा स्प्रिंगकाटा मी आणला आणि मांडवाच्या खांबाला लावला. धनुष्य आडवं टांगायचं, काट्यानं दोरी खाली ओढायची, थोडी थोडी, आणि दर टप्प्याला दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पाहायचं. वजन एकदम चढलं तर तिथेच थांबायचं, पोटाकडून आणखी थोडं खरवडायचं. हा प्रकार सुरू केल्यापासून पैकूची धनुष्यं मोडायची जवळजवळ थांबली. धनुष्य पसंत पडलं की मुठीजवळ, पोटावर, मी पेन्सिलीनं त्याच्या ओढीचं वजन लिहायचो. बारीक आकडा. पैकूच्या धनुष्यावर माझं एवढंच काय ते असायचं.

आणि शेवटचं कारण. ते मुद्दाम शेवटी ठेवलं.

दोरी ओढून बाणाशिवाय सोडणं. रिकामी सोडणं, म्हणतो आम्ही. ओढताना माणूस जेवढा जोर घालतो तो सोडल्यावर बाण घेऊन जातो. बाण नसेल तर? तो जोर जाणार कुठे? सगळा परत लाकडात. धनुष्य तेव्हाच मोडलं तर नशीब. पण बऱ्याचदा ते तेव्हा मोडत नाही. पाठीवर केसाएवढी आडवी रेघ पडते, डोळ्याला दिसेल न दिसेल अशी, आणि धनुष्य शहाण्यासारखं गप्प राहतं. मग कधीतरी, पूर्ण ओढलेलं असताना, कुणाच्या तरी तोंडासमोर फुटतं.

हे टाळायचं कसं? कुणाचा ना कुणाचा हात कधीतरी चुकतोच. म्हणून एक नियम आहे, पैकूच्या आजोबांपासूनचा. रिकामी सुटली तर करणाऱ्याला जाऊन सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी रागवायचं नाही, हसायचं नाही. करणारा धनुष्य तपासतो, रेघ असेल तर बाजूला काढतो, दुसरं देतो. पण ज्यानं सोडली आणि लपवली, त्याच्या हातात तो करणारा पुन्हा धनुष्य देत नाही. आणि त्यानं दिलं नाही की आमच्या भागात दुसरा कुणीही देत नाही.

नियम कडक वाटतो? मला कधी वाटला नाही. मीच तो सगळ्यांत जास्त बोलून दाखवायचो.

आता ऐका.

एका वर्षी शहरातून पाहुणे आले. जुन्या कला पाहत फिरणारे. जवळच्या आश्रमशाळेत धनुष्यबाणाचा वर्ग काढायचा होता आणि त्यासाठी माणूस शोधायचा होता. पैकूचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. ते येणार म्हणून आदल्या दिवशी पैकू काट्यावर आला आणि माझ्या खुर्चीवर बसून म्हणाला, "तू बी राह्य उद्या. दोघंबी सांगू. निस्तं माह्यं कोन मानते?" मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. गाड्यांची रांग लागली होती, मला निघायला उशीर झाला. सायकल मारत टोल्यावर पोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती, पाहुणे मधे, आणि मी मागे उभा राहिलो.

त्यांच्यातल्या एकानं धनुष्य उलटं करून मुठीजवळ बोट ठेवलं आणि हिंदीत विचारलं, हा आकडा कसला?

पैकूनं धनुष्य हातात घेतलं. अंगठा जिभेला लावला आणि आकडा पुसला.

"पोराटोरानं लिवलं असन साहेब," तो म्हणाला. "आमच्यात माप-बिप काई नाई. हातालेच समजते."

पाहुणे खूश झाले. त्यांना हेच ऐकायचं होतं. मग कुणीतरी विचारलं, मदतीला कुणी असतं का? आणि पैकूनं मान वर केली. मी त्याला दिसलो — दिसलोच, त्यात मला शंका नाही, आमची नजर भिडली. मग तो पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "नाई जी. एकट्याचंच काम हाय हे."

तुमच्या बाबतीत कधी असं झालं आहे? कुणी तुम्हाला समोर पाहत असताना तुम्ही नाहीच असं म्हटलं आहे? वैरी म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे भांडलो असतो. पण मित्राच्या तोंडून ऐकल्यावर माणूस आधी स्वतःवरच शंका घेतो. मी खरंच काही केलं होतं का? एक स्प्रिंगकाटा आणि पेन्सिल. पोराटोराचं काम. सायकल हातात धरून मी परत निघालो. बसायचं भान नव्हतं.

संध्याकाळी पैकू भला थोरला कोहळा घेऊन घरी आला.

"काट्याचं सांगतलं असतं तं ते म्हनले असते, हे कायचं आदिवासी धनुष्य गा? मंग वर्गच गेला असता हातचा," तो म्हणाला. "तुह्या पोटात नाई ना काई?"

"नाई गा," मी म्हणालो. "बरोबर केलं तू."

आणि हसलोसुद्धा. बायकोनं दुसऱ्या दिवशी त्या कोहळ्याची भाजी केली, मी दोनदा वाढून घेतली.

तेव्हाच भांडलो असतो तर? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. पण तो प्रश्न म्हणजे पळवाट आहे. भांडलो नाही, हे खरं.

वर्ग पैकूला मिळाला. पुढचा तालुक्याचा सामना जवळ आला. पैकूची मुलगी सोमी तेव्हा नुकतीच दहावी झाली होती. तिच्यासारखी नेमबाज आमच्या भागात दुसरी नव्हती. बाण सोडताना तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. तालुक्यात पहिली आली तर तिला बाहेरगावच्या शिबिरात घेणार होते, तिथून पुढे जिल्हा, आणखी पुढे. पैकूनं तिच्यासाठी धामण निवडून, वर्षभर सावलीत वाळवून, नवं धनुष्य केलं. त्याच्या हातचं सगळ्यांत सुंदर. आणि ते माझ्याकडे आणून दिलं.

"सोमीचं हाय. वजनाले लावून ठेव. परवा नेतो."

म्हणजे पाहुण्यांसमोर माप-बिप काही नाही. आणि पोरीच्या हातात द्यायचं म्हटलं की माझा काटा हवाच.

दुपार होती. बायको माहेरी गेली होती, मुलं शाळेत. मी धनुष्य काट्याला लावलं. दोन्ही बाजू अशा वाकत होत्या की एकाच साच्यातून काढल्यासारख्या. काही खरवडायची गरज नव्हती. मी सवयीनं कानावरची पेन्सिल काढली, मुठीजवळ टेकवली — आणि मला तो थुंकी लावलेला अंगठा आठवला.

पेन्सिल परत कानावर ठेवली. धनुष्य खांबावरून उतरवलं, उभा राहिलो, आणि दोरी ओढली. कानापर्यंत.

मग सोडली.

हात सुटला असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. घामानं निसटला. पण मी हजारदा पाहिलं आहे: हात निसटतो तेव्हा बोटं एकामागून एक उघडतात, दोरी वाकडी जाते, मनगटाला लागते. माझी बोटं एकदम उघडली. मनगटाला काहीही लागलं नाही. मी ती सोडली. ते सोमीचं आहे हे ठाऊक असताना सोडली. लहानपणापासून मला काका म्हणणारी, माझ्या मांडवातले मडे मोजून दाखवणारी सोमी.

तिला इजा व्हावी असं मनात होतं का? नव्हतं. पण ते मोडलं तर ते कुणाच्या तोंडासमोर असेल, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मला काय हवं होतं ते सांगतो. सगळ्या तालुक्यासमोर पैकूचं एकट्याचं धनुष्य मोडावं, आणि मग त्यानं गर्दीत मला शोधावं. सगळ्यांदेखत माझ्याकडे वळून विचारावं — काऊन मोडलं गा? एवढंच हवं होतं.

रेघ पडली होती. मुठीच्या वर चार बोटांवर, पाठीला, आडवी. उजेडाकडे धरल्यावर दिसत होती. मी मोहाचं तेल घेतलं, त्यात चुलीतली थोडी काजळी कालवली आणि पाठीवर चोळलं. रेघ मिटली. धनुष्य खुंटीला टांगलं. दोन दिवसांनी पैकू आला, घेऊन गेला. "ठीक हाय?" त्यानं विचारलं. "एक नंबर," मी म्हणालो.

त्या दिवसापासून सामन्यापर्यंत बरेच दिवस होते. रोज सकाळी उठून मी टोल्यावर जाऊन सांगू शकत होतो. नियम माझ्याच बाजूचा होता — सांगणाऱ्याला कुणी रागवत नाही. मी काट्यावर जात होतो, गाड्या तोलत होतो.

सामन्यात सोमीचे पहिले बाण असे गेले की लोक टाळ्या वाजवायचेही थांबले, नुसते पाहत राहिले. मला वाटलं, धनुष्य टिकलं. खरं सांगू? मला त्या क्षणी वाईट वाटलं. टिकलं म्हणून. त्याच्या पुढच्या बाणाला तिनं दोरी पूर्ण ओढली आणि फांदी मोडावी तसा आवाज आला. वरचा तुकडा उसळून तिच्या कपाळावर बसला. भुवईच्या वर मांस उघडं पडलं. ती पडली नाही. डोळ्यात रक्त जात होतं आणि हातात अर्धं धनुष्य धरून ती उभीच होती. डोळा वाचला. टाके पडले. ती खूण आजही भुवई दुभंगून गेलेली दिसते.

तिच्या कपाळाला फडकं बांधलं गेलं. आणि मग पैकूनं तिच्या हातातला आणि खाली पडलेला असे दोन्ही तुकडे घेतले, गर्दीवरून नजर फिरवली, आणि मला शोधलं.

"इकडे ये गा," तो म्हणाला. सगळ्यांदेखत. "तूच पाह्य. काऊन मोडलं?"

मला हवं होतं ते सगळं मिळालं. अक्षरशः जसं हवं होतं तसं.

मी तुकडे हातात घेतले. मोडलेल्या जागी लाकूड पांढरं, ताजं होतं. पण पाठीकडची बारीक कड काळी पडलेली होती. चीर जुनी होती आणि तिच्यात तेल-काजळी मुरली होती. माझंच तेल. पैकूही ती कड पाहत होता. मोडलेलं लाकूड त्यालाही वाचता येत होतं. चीर आधीची आहे हे लपवण्यासारखं नव्हतं. मग मी काय केलं? मी खरं सांगितलं. म्हणजे अर्धं.

"हे आधीच चिरलं होतं," मी म्हणालो. "कोनतरी रिकामी सोडली हाय."

सगळे सोमीकडे वळले. धनुष्य माझ्याकडून नेल्यापासून तिच्याचकडे होतं. आणि माझ्याकडे असताना काही झालं असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या हातून असं होईल कसं?

"म्या नाई सोडली," ती म्हणाली.

पैकूनं माझ्याकडे पाहिलं. मी तुकड्यांकडे पाहत राहिलो.

"सोमे, सुटली असन तं सांग. कोनी मारत नाई," तो हळू आवाजात म्हणाला. त्यानं तिला वाट करून दिली होती. हो म्हणाली असती तर तिथेच संपलं असतं.

"बाबा, म्या नाई सोडली. आयच्यान."

"काकाचं चुकत नाई," पैकू म्हणाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली. एका बाजूला फडक्यातून रक्त उतरत होतं. मग तिनं हातात उरलेली दोरी खाली ठेवली. फेकली नाही. ठेवली.

माझा मित्र माझ्याशी खोटं वागला होता, हे खरं आहे. त्यानं माझं नाव थुंकीनं पुसलं. ते मला आजही दुखतं, मी नाकारत नाही. पण त्याच्या बदल्यात मी त्याच्याकडून त्याची मुलगी खोटी ठरवून घेतली. त्याच्याच तोंडून. आणि त्यानं ते माझ्यावर विश्वास ठेवून केलं — पोरीपेक्षा जास्त विश्वास. ही दोन मापं मी कोणत्या काट्यावर ठेवू?

पैकूनं नियम पाळला. सोमीला पुन्हा धनुष्य दिलं नाही. हट्ट सोड म्हणून त्याच्या बायकोनं अन्न टाकलं, टोल्यातली म्हातारी माणसं बोलली. तो म्हणाला, आपल्या घरात नियम मोडला तर दुसऱ्याच्या पोराले कोनत्या तोंडानं सांगू? आश्रमशाळेच्या वर्गात पहिल्याच दिवशी तो हा नियम सांगायचा, आणि उदाहरण द्यायचा ते आपल्याच मुलीचं. एक पोरगी होती, तिनं सोडली अन् लपवली. नाव घ्यायचा नाही. पण ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असायचं. सोमी शिवणकाम शिकली. मुलचेऱ्याजवळच्या एका गावात लग्न करून गेली. नंतर आमच्या घरी आली तर पाया पडायची, काकूशी गप्पा मारायची, आणि मांडवाकडे पाहायची नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. काही वर्षांनी पैकूचा गावात सत्कार झाला. शाल, नारळ. त्यानं माईक हातात घेतला आणि मला पुढे बोलावलं. लोकांना म्हणाला, हे एकट्याचं काम नाही, मी एकदा खोटं बोललो होतो, अर्धं काम याचं आहे. "धनुष्य काऊन मोडते ते याले इचारा. याचं चुकत नाई." आणि स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली. त्यानं आपलं फेडलं. सगळ्यांसमोर, डोळ्यांत पाणी आणून. माईक माझ्या हातात होता. मी आभार मानले.

सोमी तेव्हा बायकांच्या रांगेत बसली होती. पोटुशी होती.

तेव्हा पोटात होती ती मुलगी आता धनुष्य मागण्याएवढी झाली आहे. पैकूनं नातीसाठी लहानसं केलं, धामणाचंच. त्याची नजर आता अंधूक झाली आहे, तरी हात तोच. परवा सोमी ते घेऊन मुलीबरोबर आमच्याकडे आली.

"बाबा म्हनते, काकानं पाह्यल्याबिगर पोरीच्या हाती द्याचं नाई," ती म्हणाली आणि धनुष्य माझ्या हातात दिलं.

मुलीनं लगेच दोरीला बोट लावलं. सोमीनं तिचा हात धरला.

"नुस्ती दोरी ओढून सोडाची नाई. अन् सुटली तं आजाले सांगाचं. कोनी मारत नाई."

मग माझ्याकडे न पाहता, जणू धनुष्याशीच बोलावं तशी म्हणाली, "म्या सोडली नव्हती काका. आता काय, होऊन गेलं. पन सोडली नव्हती."

"पाहून ठेवतो," मी म्हणालो. तिच्या त्या वाक्याला माझं हे उत्तर.

ते धनुष्य माझ्या घरी आहे. त्याच खुंटीला.

सोमीनं दोरी रिकामी सोडली नव्हती. मी सोडली होती. घरी, दुपारी, मुद्दाम. रेघ मला दिसली होती. ती मी तेल-काजळीनं बुजवली. आणि विचारल्यावर दुसऱ्याचा हात दाखवला.

नातीचं धनुष्य मी काट्याला लावलेलं नाही. लावणार नाही. ज्यानं सोडली आणि लपवली त्याच्या हाती धनुष्य द्यायचं नसतं. हे माझ्या हाती आलं ते चुकून आलं. आज काट्यावर सुट्टी सांगितली आहे. हे लिहून झालं की ते घेऊन टोल्यावर जातो. सोमी अजून माहेरीच आहे. दोघांसमोर सांगेन. स्प्रिंगकाटा खांबावरून काढून ठेवला आहे, तोही तिथेच ठेवून येईन. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते सोमी पाहील. तिला येतं. लहानपणी माझ्याच मांडवात ती ते शिकली होती.